विसार घेण्याआधी फाइल दाखवा: गेटबंद ग्रामीण वसाहतींच्या विकासकांना खुले पत्र

प्रति,
गावाबाहेर कुंपण घालून प्लॉट विकणारे सर्व विकासक आणि त्यांचे विक्री प्रतिनिधी

विषय: बुकिंगच्या आधी ग्राहकाच्या हाती द्यायच्या कागदांबाबत

स. न. वि. वि.

आम्ही जमीन मोजणारे, बोअरची चाचणी घेणारे, रस्ते आखणारे आणि दस्त तपासणारे लोक आहोत. आमच्यासारख्यांना सहसा उशिरा बोलावलं जातं. तोवर प्लॉट विकला गेलेला असतो आणि विसाराची पावती फाडलेली असते. ग्राहकाचे प्रश्न तेव्हा सुरू होतात. हे प्रश्न आधी विचारले जावेत आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे कागदावर तयार असावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

शहरात प्लॉट घेणारा माणूस फक्त जमीन घेतो. रस्ता, पाणी, सांडपाणी, आगीचा बंब हे सगळं बरंवाईट नगरपालिका बघते. तुमच्या गेटच्या आत नगरपालिका नसते. तिथे प्लॉट घेणारा ६०० चौरस मीटर मातीबरोबर एका छोट्या खासगी गावात भागीदार होतो. त्या गावाचे रस्ते, बोअर, टाकी, गेट आणि भिंत यांच्या खर्चात त्याचा वाटा कायमचा असतो. कुठल्याही भागीदारीत शिरताना माणूस आधी वह्या बघायला मागतो. इथे त्याला सूर्यास्ताचा फोटो मिळतो आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘प्रस्तावित’ असं लिहिलेलं असतं. प्रस्तावित क्लबहाउस, प्रस्तावित तलाव, प्रस्तावित सौरदिवे. या शब्दाने कुणावर काहीच बंधन येत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे.

ब्रोशर खुशाल छापा. पण त्याआधी प्रत्येक प्लॉटची एक फाइल तयार ठेवा.

फाइलमधला पहिला कागद मोजणीचा. चार खुंट्या आणि चुन्याची फक्की म्हणजे हद्द नव्हे. फक्की पहिल्या पावसात वाहून जाते. खुंटी ट्रॅक्टरच्या फाळाने हलते, नाहीतर शेजारी पाया खणणाऱ्याच्या हातून, बहुतेकदा नकळत. प्रत्येक कोपऱ्यावर काँक्रीटमध्ये किमान ६० सेंटीमीटर खोल बसवलेला दगड किंवा लोखंडी गज हवा. नकाशावर प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशांक (जागा नेमकी सांगणारे आकडे) हवेत आणि वसाहतीतल्या दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरंही हवीत, म्हणजे दगड उखडला तरी जागा पुन्हा सापडते. फोनमधला जीपीएस यासाठी चालत नाही. उघड्या आकाशाखालीही तो सुमारे ५ मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो, आणि २० मीटर रुंदीच्या प्लॉटमध्ये ५ मीटर म्हणजे पाव प्लॉट.

नकाशावर चार बाजूंची लांबी लिहून मोकळं होऊ नका. चार बाजू ठरल्या म्हणून चौकोन ठरत नाही. सांधे ढिले झालेली खाट कलते तसा तोही कलू शकतो. ३० मीटर बाय २० मीटरच्या काटकोनी प्लॉटचे दोन्ही कर्ण ३६.०६ मीटर भरतात. तोच प्लॉट एका कोपऱ्यात ९० अंशांऐवजी ८० अंशांचा आखला, तर बाजू त्याच राहतात, पण एक कर्ण ३८.८४ होतो आणि दुसरा ३३.०४, आणि ६०० चौरस मीटरचे ५९१ होतात. कमी पडलेली ९ चौरस मीटर जागा म्हणजे एक लहानशी खोली. दोन माणसं आणि एक लांब टेप असली की ही तपासणी पाच मिनिटांची आहे. कर्णांचे आकडे नकाशावर छापा. ग्राहक स्वतः ताडून बघेल.

उतारावरच्या प्लॉटमध्ये आणखी एक मेख असते. जमिनीचं क्षेत्र नेहमी आडव्या पातळीत धरतात. टेप उतारावर टाकून मोजली की लांबी फुगते. ३० टक्के उतारावर टेपने ३० मीटर भरलेली बाजू नकाशात २८.७३ मीटरच असते. डोंगरउतारावरचे प्लॉट ‘जागेवर मोजून’ विकले जातात तेव्हा ही चूक सहसा विकणाऱ्याच्या फायद्याची होते. आणि प्लॉटच्या क्षेत्रात रस्त्याचा वाटा मिसळायची पद्धत बंद करा. कुंपण घालता येईल अशी जागा एका ओळीत लिहा, सामाईक जागेतला वाटा दुसऱ्या ओळीत.

दुसरा कागद गेटच्या बाहेरचा. सार्वजनिक रस्त्यापासून गेटपर्यंतची वाट कुणाच्या जमिनीतून जाते? बऱ्याच वसाहतींत ती शेजाऱ्याच्या बांधावरून जाते आणि तिचा आधार तोंडी समझोता किंवा विकासकाच्या नावाचं परवानगीपत्र एवढाच असतो. असं पत्र त्या व्यक्तीपुरतं असतं. जमीन विकली गेली की नवा मालक वाटेवर तारा ओढायला मोकळा. जाण्यायेण्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने यायला हवा, त्याची रुंदी मीटरमध्ये लिहिलेली हवी, आणि तो वसाहतीतल्या प्रत्येक प्लॉटच्या जमिनीला जोडलेला हवा. एक बारीक गोष्ट हमखास सुटते: वाटेने जायचा हक्क म्हणजे वाटेखालून पाइप किंवा केबल टाकायचा हक्क नव्हे. तो वेगळा लिहावा लागतो. पाण्याची लाइन त्याच वाटेने येणार असेल आणि दस्तात फक्त ‘जाण्यायेण्यासाठी’ असेल, तर उद्या पाइप फुटल्यावर खणायलाही शेजाऱ्याची मनधरणी करावी लागेल.

त्याच फाइलमध्ये मूळ जमिनीवरच्या बोजाचा कागद हवा. प्रकल्पासाठी कर्ज काढण्यात गैर काही नाही. पण सगळी जमीन गहाण असताना त्यातला एक तुकडा विकला आणि त्या तुकड्यापुरतं कर्ज देणाऱ्याचं मुक्तिपत्र नसेल, तर तुमच्या थकबाकीच्या वसुलीत ग्राहकाचा पूर्ण पैसे भरलेला प्लॉटही ओढला जाऊ शकतो. ‘सगळे प्लॉट विकले की एकदम मोकळं करू’ हे उत्तर पुरेसं नाही. खरेदीखताच्याच दिवशी त्या क्रमांकाच्या प्लॉटचं मुक्तिपत्र हातात पडायला हवं. आणि तो क्रमांक मंजूर ले-आउटमधला असावा, विक्रीच्या ऑफिसात भिंतीवर लावलेल्या रंगीत नकाशातला नव्हे. मंजुरीत रस्ता सरकतो, मोकळी जागा बदलते, मग ३१ नंबरचा प्लॉट २७ होतो आणि कोपऱ्यावरून मध्ये येतो.

आता पाणी. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते, आणि बऱ्याचदा विकासकाचीही.

जागा बघायला आलेल्या ग्राहकासमोर पंप सुरू करतात, पाइपातून पाणी उसळतं, सगळे खूश. ते पाणी कुठून आलं? १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी मावतं. बोअरमध्ये ६० मीटर पाणी उभं असेल तर नुसत्या नळीत १,०६० लिटर साठलेलं असतं. पंप मिनिटाला १०० लिटर उपसत असेल तर पहिली दहा मिनिटं तो बरंचसं हेच साठलेलं पाणी काढत असतो. जमिनीतून किती पाणी झिरपून येतं हे त्यानंतर कळायला लागतं. म्हणून दहा मिनिटांच्या दर्शनाला काही अर्थ नाही.

चाचणी अशी हवी: उन्हाळ्याच्या शेवटी, पातळी सगळ्यात खाली असताना, ठरावीक प्रवाहाने सलग किमान २४ तास उपसा. सामाईक बोअर असेल तर ७२ तास. सुरुवातीला मिनिटामिनिटाला आणि नंतर ठरलेल्या वेळी पाण्याची पातळी मोजून तक्ता भरायचा. शेवटच्या तासांत पातळी एका जागी स्थिरावली तर तो प्रवाह पेलतो म्हणायचं. सतत खालीच जात असेल तर नाही. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात पुन्हा वर आली, तेही नोंदवायचं. पावसाळ्यानंतर महिन्याभरात घेतलेली चाचणी फाइलमध्ये लावू नका. ती कुणालाही पास करते.

मग मागणीचा हिशेब. ४० प्लॉट, घरात ४ माणसं, माणशी १५० लिटर धरले तर दिवसाला २४,००० लिटर. बहुतेक प्रकल्प अहवाल इथेच संपतात. पण गावाबाहेर प्लॉट घेणारा माणूस बागेसाठीच तिकडे जातो. २०० चौरस मीटर हिरवळीला कोरड्या दिवसांत रोज ५ मिलिमीटर पाणी दिलं तर एका प्लॉटला १,००० लिटर लागतात, ४० प्लॉटना ४०,०००. म्हणजे घरांपेक्षा बागा जास्त पाणी पितात, आणि नेमक्या बोअर दमलेल्या असतात त्याच दिवसांत. एकूण ६४,००० लिटर. पंप २० तास चालवला तरी मिनिटाला ५३ लिटर अखंड मिळायला हवेत. चाचणीचा तक्ता या आकड्याच्या शेजारी ठेवला की प्रश्नच उरत नाही. पाणी कमी पडत असेल तर हिरवळीवर मर्यादा घालणारा नियम आधीच लिहा आणि प्रत्येक जोडणीला मीटर लावा. मीटर नंतर लावायला निघालात तर भांडणं होतात.

‘ज्याने त्याने आपापला बोअर मारावा’ हा सोपा तोडगा वाटतो. तो तोडगा नाही. उपसा सुरू झाला की प्रत्येक बोअरभोवती पाण्याची पातळी उलट्या शंकूसारखी खचते. प्लॉट २० ते ३० मीटर रुंद असतील तर हे शंकू एकमेकांत शिरतात आणि शेजाऱ्याचा पंप हवा ओढायला लागतो. मग तो आणखी खोल जातो, आणि त्याच्या शेजारचाही. चाळीस बोअरचा खर्च होतो आणि पाणी मात्र दोन बोअरइतकंच निघतं. त्यापेक्षा लांब अंतरावर दोन सामाईक बोअर, त्यातला एक राखीव, आणि निदान एका दिवसाची टाकी बरी. टाकीत घरगुती पाण्याचा आउटलेट तळापासून थोडा वर बसवा. खालचं पाणी आगीसाठी आपोआप राखून राहतं, त्यासाठी वेगळी टाकी लागत नाही.

पाण्याच्या दर्जाबद्दल विक्री प्रतिनिधी टीडीएस मीटर बुडवून दाखवतो. त्या मीटरला एकूण विरघळलेले क्षार कळतात, बस. त्याला ना आर्सेनिक दिसतं, ना नायट्रेट, ना जंतू. प्रयोगशाळेचा अहवाल लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे अशा आहेत: फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम. आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. नमुना दीर्घ उपशाच्या शेवटी घ्या. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. धुतलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतून नेलेल्या नमुन्याचा अहवाल बाद धरावा.

पाणी आत येतं तसं बाहेरही जातं, आणि ब्रोशर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सार्वजनिक मलनिस्सारण नसेल तर सेप्टिक टँक आणि त्यापुढे शोषचर (सांडपाणी मातीत मुरवणारा लांब चर) किंवा शोषखड्डा हाच मार्ग. टँकमध्ये गाळ खाली बसतो, पण सांडपाणी खऱ्या अर्थाने शुद्ध होतं ते मातीत. म्हणून माती पाणी कशी शोषते हे प्लॉटनिहाय मोजायला हवं. चराच्या खोलीवर सुमारे ३० सेंटीमीटर रुंदीचा खड्डा घ्यायचा, आदल्या रात्री पाण्याने भिजत ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी २.५ सेंटीमीटर उतरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. ६० मिनिटांहून जास्त लागत असतील तर माती घट्ट आहे, सांडपाणी वर येईल. एका मिनिटाच्या आत उतरत असेल तर तेही वाईट: पाणी न गाळताच खाली पळतं आणि थेट भूजलात मिसळतं. हे दुसरं टोक लोक विसरतात. उलट ‘बघा, किती छान मुरतंय’ म्हणून तेच कौतुकाने दाखवतात. खड्डा कोरड्या जागी न भिजवता केला तर निकाल हमखास खोटा येतो, कारण तहानलेली माती पहिलं पाणी भराभर पिते. चराच्या तळापासून पावसाळ्यातली भूजलपातळी किंवा कातळ साधारण मीटरभर तरी खाली हवा.

आता कागदावर एक वर्तुळ काढा. पिण्याच्या पाण्याचा बोअर आणि शोषचर यांत ३० मीटर अंतर ठेवायची रूढ पद्धत आहे. ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ २,८२७ चौरस मीटर जागा व्यापतं. तुमचा प्लॉट ६०० चौरस मीटरचा. त्या वर्तुळात एकही शोषचर नको असेल, तर ‘प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र बोअर आणि स्वतंत्र सेप्टिक’ ही जाहिरात भूमितीतच बसत नाही. लहान प्लॉटच्या वसाहतीत पाणी तरी सामाईक हवं किंवा सांडपाणी प्रक्रिया तरी. दोन्ही सामाईक असेल तर उत्तम.

बांधकामाच्या जागेचाही असाच हिशेब फाइलमध्ये मांडा. २० बाय ३० च्या प्लॉटला समोर ६ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंनी ३ मीटर सोडले की १४ बाय २१, म्हणजे २९४ चौरस मीटर उरतात, निम्म्याहूनही कमी. शोषचर, आणि तो निकामी झाल्यावर दुसऱ्यासाठी राखीव जागा, ही सोडलेल्या पट्ट्यांत बसते का, तेही नकाशावर आखून दाखवा. चरावरून गाडी जाता कामा नये, माती दाबली गेली की चर मेला. त्यामुळे ‘मागच्या बाजूला पार्किंग’ हा विचार बऱ्याच प्लॉटवर तिथेच संपतो.

भिंतीचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ती खास तुमच्या वसाहतींची देणगी आहे. मोकळ्या रानात पावसाचं पाणी ओघळींनी वाट काढतं. तिथे तुम्ही सलग भिंत बांधता आणि नकळत बंधारा तयार होतो. एक हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५ लाख लिटर पाणी होतं. रस्ते आणि छपरं झाल्यावर त्यातलं मुरतं कमी, वाहतं जास्त. भिंतीमागे एक मीटर पाणी उभं राहिलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा जोर येतो. दोन मीटर उभं राहिलं तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे २,००० किलो. नुसत्या विटांची नऊ इंची भिंत एवढं पेलण्यासाठी बांधलेलीच नसते. ती फुटते तेव्हा सगळं पाणी एकदम खालच्या प्लॉटवर किंवा खालच्या शेतावर जातं, आणि मग गावाशी वैर. प्रत्येक ओघळीवर भिंतीत जाळीची मोकळी जागा ठेवा आणि मूळ जमिनीच्या समोच्चरेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा, सपाटीकरणाच्या आधीचा, फाइलमध्ये लावा. भराव टाकून बुजवलेली ओघळ त्याच नकाशात दिसते. ग्राहकालाही आमचं सांगणं आहे: जागा कोरड्या दुपारी बघू नका, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. कुंपणात अडकलेला पाचोळा किती उंचीवर आहे तेवढं बघा.

रस्त्याबद्दल गैरसमज असा की वरचा काळा थर म्हणजे रस्ता. रस्ता मारतं पाणी. खडी-मुरुमाच्या रस्त्याला मध्यापासून कडेला ४ टक्के ढाळ हवा. ६ मीटर रुंदीच्या रस्त्यात मधला भाग कडेपेक्षा १२ सेंटीमीटर उंच. दोरी ताणून ते कुणालाही मोजता येतं. कडेने गटार हवं, आणि ओलांडणीच्या मोऱ्यांचे पाइप ४५ सेंटीमीटरपेक्षा लहान नकोत, नाहीतर पहिल्याच पुरात फांद्या-पाचोळ्याने तुंबतात. दाबलेला खडीचा थर निदान १५ सेंटीमीटर. त्याशिवाय अंथरलेला दोन-अडीच सेंटीमीटर डांबराचा पापुद्रा साइट-व्हिजिटच्या हंगामापुरताच टिकतो.

झीज कोण करतं हाही प्रश्न आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मोठी रस्ता-चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज गाडीच्या एका आसावर (एक्सलवर) येणाऱ्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. साडेसातशे किलोच्या कारच्या आसापेक्षा ९ टनांचा ट्रकचा आस १२ पट जड, पण झीज २०,७३६ पट. म्हणजे तुमचा रस्ता रहिवाशांच्या गाड्यांनी खराब होत नाही, बांधकामाच्या ट्रकांनी होतो. पहिली दहा घरं बांधणारे लोक पुढच्या तीस घरांचे ट्रक आपल्या देखभाल वर्गणीतून पोसतात. म्हणून प्रत्येक बांधकामाकडून रस्त्याची अनामत घ्या, काम संपल्यावर पाहणी करून परत करा. आणि शेवटचा थर बहुतेक घरं झाल्यावरच टाका, मात्र त्याचे पैसे आजच वेगळ्या खात्यात ठेवा.

गेटची कमान सुंदर असते आणि बऱ्याचदा तीच अडसर ठरते. आगीच्या बंबासाठी रूढ निकष असा की वाट ६ मीटर मोकळी हवी, वर साधारण ४.१ मीटर उंची हवी, आणि ४५ मीटरपेक्षा लांब बंद गल्लीच्या टोकाला बंब वळवता आला पाहिजे. कमानीच्या दोन खांबांमध्ये सिक्युरिटीची केबिन बसवली की ६ मीटरचे साडेतीन होतात. बोअरची गाडी, काँक्रीट मिक्सर आणि बंब तिघेही बाहेर. वीज गेल्यावर गेट हाताने उघडतं का, हे बटण बंद करून दाखवा.

विजेचं थोडक्यात: ट्रान्सफॉर्मरची क्षमता, मंजूर भार आणि प्रत्येक प्लॉटच्या वाट्याचे किलोवॅट लिहून द्या. ‘पोल आलाय’ म्हणजे जोडणी मिळाली असं नव्हे.

उरला पैशाचा आणि सत्तेचा कागद, आणि तो दाखवायला सगळ्यांचाच हात जड होतो. विक्री चालू असताना देखभाल वर्गणी कमी ठेवायची, तूट स्वतः भरायची, आणि वसाहत मालकसंघाच्या ताब्यात दिली की वर्गणी एकदम दुप्पट-तिप्पट, हा क्रम आता सगळ्यांना ठाऊक आहे. तूट भरण्यात गैर काही नाही, ती लपवण्यात आहे. मागच्या तीन वर्षांचे हिशेब द्या आणि त्यात तुमची भर वेगळ्या रकान्यात दाखवा. राखीव निधीचं गणित साधं आहे. समजा रस्त्याचा वरचा थर १२ वर्षांनी बदलायचा आणि त्याला १२० एकक खर्च. वर्षाला १० एकक साठवायचे, ४० प्लॉटमध्ये प्रत्येकी पाव एकक. आता न विकलेल्या प्लॉटना विकासकाने वर्गणी माफ करून घेतली आणि १० प्लॉटच विकले गेले असतील, तर त्या दहा जणांवर प्रत्येकी १ एकक येतो, चौपट. तुमच्या नावावर असलेला प्लॉट हाही प्लॉटच आहे. त्याची वर्गणी तुम्ही भरा. पंप, टाकी, गेटची मोटर, भिंत, प्रत्येकाचं उरलेलं आयुष्य आणि बदलायचा खर्च असा तक्ता केला की वर्गणी किती हवी ते आपोआप निघतं.

ताबा देण्याच्या अटीत तारीख लिहा. ‘७५ टक्के प्लॉट विकल्यावर संघाकडे ताबा’ एवढंच लिहिलं आणि ४० पैकी ११ प्लॉट राखून ठेवले, तर २९ विकूनही ती वेळ कधीच येत नाही. ७५ टक्के किंवा अमुक तारीख, यातलं जे आधी येईल ते. ताबा म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि नारळ एवढंच नव्हे. रस्ते, मोकळ्या जागा, बोअर आणि टाकीखालची जमीन संघाच्या नावे दस्ताने व्हायला हवी. बोअर विकासकाच्या खासगी प्लॉटमध्ये राहिला तर पुढे पाण्याचा भाव कोण ठरवणार, हे सांगायला आम्ही नकोत. आणि नियमपुस्तिकेतलं ‘विकासक वेळोवेळी योग्य वाटतील ते बदल करू शकेल’ हे वाक्य काढून टाका. भाड्याने देता येईल का, किती वर्षांत बांधलंच पाहिजे, नाही बांधलं तर दंड किती, छपराचा रंग कोण ठरवतो, हे नियम कोणत्या बहुमताने बदलतील ते स्पष्ट लिहा.

आमची मागणी मोठी नाही. वर सांगितलेली फाइल विसाराच्या किमान १५ दिवस आधी ग्राहकाला द्या. तेवढ्या दिवसांत त्याला स्वतःचा मोजणीदार आणि पाण्याचा माणूस जागेवर आणू द्या. ‘आज बुकिंग केलं तरच हा दर’ हे वाक्य तेवढे दिवस बाजूला ठेवा. मुख्य म्हणजे फाइलमधले नकाशे, चाचण्या आणि तक्ते साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडा, पानापानावर दोघांच्या सह्या घ्या. जोडायला तुमचा वकील हरकत घेत असेल, तर त्यातला नेमका कोणता कागद त्याला खटकतो, तेवढं ग्राहकाला सांगा.

कळावे.

आपले,
मोजणी, भूजल, रस्ते आणि दस्त-तपासणीचं काम करणारे काहीजण